टोपली दाखवणाऱ्या मोगरामावशीचा फोटो

पिंप्राळा, जळगाव
१९ जानेवारी २०२५

प्रिय सुनी,

तू धुळ्याला विक्रमदादाकडे नीट पोचलीस, हे इंदिराकाकूंकडून कळलं. घरमालकिणीला कळतं आणि एका खोलीत दोन वर्षं राहिलेल्या मैत्रिणीला कळत नाही, यावरून माझी पत काय उरली ते समजतं. मी बरी आहे. थंडी कडाक्याची आहे. काकूंनी परवा भरीत दिलं होतं, निम्मं उरलं. भरीत काही एकटीने खायची वस्तू नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा झाला तरी तुला तो हातात तर घ्यावाच लागेल.

त्या शनिवारचं सांगते. ‘एकही ताट रिकामं नको’ या मोहिमेत मी दिवाळीपासून जाते, हे तुला माहीत आहे. गाण्यांचा मोठा कार्यक्रम असला की पिवळा टी-शर्ट घालून फाटकाशी उभं राहायचं, आत जाणाऱ्यांना गरिबीबद्दल दोन वाक्यं सांगायची, सही घ्यायची आणि मनगटावर पट्टी बांधायची. लोक गाणी ऐकायला आलेले, घाईत. कोण थांबतंय? आमचे प्रमुख नीलेश सर म्हणाले, आकडे नकोत, आपल्या भागातला एक चेहरा दाखवा. माझ्या मोबाइलमध्ये तुझ्या आईचा फोटो होता. मी पाठवला. त्याचा पुरुषभर उंच बोर्ड होईल आणि खाली ‘मोगराबाईच्या टोपलीत आज भाकर नाही’ असं छापलं जाईल, याची मला कल्पना नव्हती. असती तर तुला कार्यक्रमाचा पास कशाला दिला असता?

चूक झाली, सुनी. पण हेतू वाईट नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसांचं भलं व्हावं एवढंच

२२ जानेवारी

वरचं वाक्य तसंच सोडून उठले होते. पत्र टाकलं नाही ते बरं झालं. त्यात निम्मं खोटं आहे. काल दुपारी मावशीचा फोन आला आणि मग ते पुढे लिहवेना. फोनचं सांगतेच, पण आधी खरं काय ते लिहिते.

बोर्डाखालची ओळ माझी आहे. नीलेश सरांनी फक्त फोटो मागितला होता. ‘खाली काहीतरी काळजाला लागेल असं हवं,’ हे मीच म्हणाले आणि तिथेच बसून लिहून दिलं. सरांनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हेही सांगते.

आणि तो फोटो. दिवाळीनंतर मी तुमच्या पाड्यावर आले होते तेव्हाचा. मावशी भाकरीवर भाकर वाढत होती, उडदाची डाळ दोनदा घेतली तरी तिचं समाधान होईना. ‘पोट भरी जेव, लाजू नको.’ शेवटी तिने रिकामी टोपली माझ्याकडे तिरकी करून दाखवली. ‘बठ्ठं वाढी दिधं, आते काही नही शे.’ तू मला सांगितलंस की पाहुण्यापासून काही राखून ठेवलेलं नाही, हे तुमच्याकडे असं दाखवतात, आणि घरच्यांच्या भाकरी मग नव्याने थापतात. मी पाहिलंही ते. पाहुणचार उरकून ती पुन्हा पिठाच्या डब्याकडे वळली होती. डबा भरलेला होता.

ती टोपली दाखवत असताना मी सात फोटो काढले. सहांत ती हसतेय. सातव्यात चुलीचा धूर तोंडावर आला म्हणून तिने डोळे बारीक केलेत. मी सातवा निवडला.

म्हणजे त्या टोपलीतल्या भाकरी मी खाल्ल्या आणि टोपली रिकामी म्हणून तिलाच उपाशी ठरवलं. असं कोणी शत्रूही करत नाही गं.

तू फाटकाशी आलीस तेव्हा मी कॉलेजच्या दोन मुलांना सांगत होते, ‘या बाईंच्या घरी एक वेळची चूल पेटते.’ तू बोर्डापुढे उभी राहिलीस. मला वाटलं होतं, गर्दीत तू दुसऱ्या फाटकाने जाशील. नीलेश सर शेजारी होते. मी तुझ्यापुढे वही धरली आणि म्हणाले, ‘सही करता का ताई?’ तुला. घाबरून म्हणाले, असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. पण घाबरलेल्या माणसालाही आपली मैत्रीण ओळखता येते.

तू वही घेतलीस आणि पूर्ण नाव लिहिलंस, सुनिता ठाकऱ्या पावरा. पट्टी बांधायला हात पुढे केलास. मी बांधली. सकाळी तुझी बॅग खोलीत नव्हती.

आता फोनचं. पाड्यावरचा पुना मजुरीला जळगावला आला होता. त्याने चालत्या ट्रॅक्टरमधून बोर्ड पाहिला आणि घरी जाऊन मावशीला सांगितलं. ती इतकी खूश होती, सुनी. ‘मना फोटो मोठा शे म्हने. चांगला शे का?’ मी म्हणाले, चांगला आहे. मग तिने विचारलं, ‘खाले काय लिखेल शे?’

मी म्हणाले, लिहिलंय की या बाईच्या घरून पाहुणा उपाशी जात नाही.

ती म्हणाली, ‘येशी तव्हय फोटो लई ये. घरमा लावसूत.’ आणि म्हणाली, ‘सुनी काही सांगत नही, तुमनं भांडण शे का?’ म्हणजे तू तिला काहीच सांगितलेलं नाहीस. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडून काय होतं, पण रडले.

आज नीलेश सरांना सगळं सांगितलं. बोर्ड पुढच्या महिन्यात धुळ्याच्या कार्यक्रमाला न्यायचा होता. ते म्हणाले, फोटो खरा आहे ना, मग झालं. या बोर्डापुढे लोक थांबतात. मी वाद घातला नाही. चौकटीवरचा फ्लेक्स सोडवला, गुंडाळला आणि रिक्षात घालून घरी आणला. मला मोहिमेतून काढलंय, ते ठीकच आहे.

घरी आल्यावर कात्री घेऊन बसले होते. खालची ओळ कापली की फोटो उरतो. मावशी तो भिंतीला लावेल, आलेल्या-गेलेल्याला दाखवेल, आणि तिला कधी काही कळणार नाही. तूही सांगितलं नसतंस, मला ठाऊक आहे. कापायला दोन मिनिटं लागली असती.

नाही कापली. येत्या रविवारी चोपड्याच्या पहिल्या एसटीने पाड्यावर जातेय. ओळीसकट फ्लेक्स तिच्यापुढे उलगडीन आणि काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, ते वाचून दाखवीन. फोनवर खोटं बोलले, तेही सांगेन. तू यावंस असं म्हणत नाही. फक्त त्यानंतर ती तुला फोन करेल. ती रागावलेली असली तर मला सोडवू नकोस. आणि रागावलेली नसली, तर तिला सांग, रागाव म्हणून.

मावशीसमोर उभं राहायचं अजून बाकी आहे, म्हणून आज ‘तुझी’ न लिहिता,

दिपमाला