न फोडलेली होडी

गंगापूर रोड, नाशिक
१२ नोव्हेंबर १९७८

ती. सहादूदादांस,
जयरामचा नमस्कार.

वहिनी गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आम्हा दोघांची ती शिडाची होडी फोडून टाक." फोडली, असं मी कळवलं. ते खोटं होतं. दोन वर्षं मी, तुमची भावजय चांगुणा आणि झिपरू सुतार तिच्या कुजलेल्या फळ्या बदलत होतो. आज ती गंगापूर धरणात सोडली, तर आत घोट्यापर्यंत पाणी आलं. मी घाबरलो. झिपरू म्हणाला, "लाकूड फुगू द्या, गळती थांबंल." दुपारी खरंच थांबली. चांगुणानं शिवलेलं शीड वाऱ्यानं भरलं, तशी चांगुणा मोठ्यानं हसली, अगदी वहिनींसारखी.

हे वाचून तुम्ही नकोच म्हणाल, म्हणून पत्र टाकत नाही. उद्या सटाण्याला येतो आणि होडीत बसायला तुम्हाला घेऊनच परततो.

तुमचा धाकटा,
जयराम