डावीकडे वळताना

३ नोव्हेंबर
व्हॅनचं स्टिअरिंग जड लागतंय. थंडी, दुसरं काय. झ्लात्काचं मत विचारलं नव्हतं, तरी मिळालं: "गॅरेजला दाखव." आयुष्यभर रोदोपी डोंगराच्या घाटातून लाकडाचे ट्रक उतरवलेल्या माणसाला बायको गॅरेज शिकवते! उद्यापासून रोज सकाळी गाडीला वेळ द्यायचा. ठरलं.

५ नोव्हेंबर
काल धुकं होतं, म्हणून राहिलं. आज रोग सापडला. पुढच्या टायरांत हवा कमी. भरली. विषय संपला.
रुमियानाचे दिवस भरत आलेत, जावई जर्मनीत. म्हणाली, "बाबा, वेळ आली की अंगेलकाकांना हाक मारू या का?" अंगेल म्हणजे आमचा शेजारी, निवृत्त संगीतशिक्षक. त्याची गाडी म्हणजे साबणाची डबी. मी ठणकावून सांगितलं, बाप जिवंत असताना लेक शेजाऱ्याच्या गाडीतून हॉस्पिटलला जाणार नाही.

८ नोव्हेंबर, दुपार
चर्चच्या वळणावर डावीकडे वळताना स्टिअरिंगचं चाक मध्येच अडकलं, मग झटक्यानं सुटलं. अडकलं हा शब्द मोठा आहे. थबकलं. खाली दरी आहे, म्हणून जास्त वाटलं.
पॉवर स्टिअरिंगचं तेल उतरलं होतं. भरलं. बेल्टही आवळला. आता बोटानं फिरेल.

१२ नोव्हेंबर
बोटानं फिरत नाही. वळण संपलं तरी चाक सरळ येईना. दोन्ही हातांनी ओढेपर्यंत अंगेलचं कुंपण आलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "मानोल, माझ्या कुंपणानं तुझं काय घोडं मारलं होतं?" झ्लात्का हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
हवा आहे, तेल आहे, बेल्ट घट्ट आहे. म्हणजे रस्ताच खराब.

१५ नोव्हेंबर
शास्त्रीय परीक्षा. गाडी पुढून जॅकवर उचलली. दोन्ही चाकं अधांतरी, इंजिन बंद. स्टिअरिंग फिरवलं. त्याच जागी अडकलं. अंगेल खिशात हात घालून बघत होता. म्हणाला, "म्हणजे टायर नाही आणि तेलही नाही. स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यातच काहीतरी धरतंय. चालवू नकोस रे."
जॅक तिरका असणार.

१६ नोव्हेंबर
खाली शिरून पाहिलं. दांड्याचा सांधा गंजून लाल झालाय. भरपूर तेल मारलं. लोण्यासारखं फिरतंय! अंगेल म्हणतो, सांधा नवा टाक. कशाला? माझे गुडघेही तेल चोळूनच चालतात. संध्याकाळी रकिया, आमची फळांची दारू, घेतली, एकट्यानंच. झ्लात्का स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ
अंगणात चाक फिरवून बघितलं. कट् असा आवाज. एकदाच.
कुणाला सांगितलं नाही. पोटुशी बाई घरात असताना उगाच घाबरवू नये.

२१ नोव्हेंबर, हॉस्पिटल
डाव्या हातानं लिहितोय. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय.
सकाळी कळा सुरू झाल्या. व्हॅन फाटकाशी लावली. झ्लात्का पिशवी घेऊन खिडकीशी आली. म्हणाली, "इथंच, उभ्या गाडीत, पूर्ण डावीकडे फिरवून दाखव." फिरवलं. कट्. तिनं वळून भिंतीवरून अंगेलला हाक मारली. रुमियाना तिच्यासोबत साबणाच्या डबीत बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मी मागोमाग निघालो. रिकाम्या व्हॅननं. गाडी चालते हे दाखवायलाच निघालो होतो.
सॉ-मिलच्या वरच्या वळणावर चाक अडकलं आणि या वेळी सुटलंच नाही. दोन्ही हात लावले, पाय रोवले. कठडा तोडून व्हॅन आडवी होऊन खालच्या झाडावर आदळली. मागून.
पोलीस आला. "मागे कोण बसलं होतं?" म्हटलं, कुणी नाही. त्यानं पुन्हा विचारलं. "आजोबा, नक्की? मागचा भाग उरलाच नाहीये, म्हणून विचारतोय."
वरच्या मजल्यावर रुमियानाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. झ्लात्का सांगायला खाली आली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती खाटेवर बसली, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.
ती गेल्यावर इथे लिहायला घेतलं, की रस्त्यावर बर्फ होता.
बर्फ नव्हता.