पुढच्या खोलीत बसण्याचा हक्क

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. दुखणं हृदयाचं आहे, डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंकडून घेऊन सोबत जोडला आहे. मुलाने तो आधी वाचावा, कारण पुढची कलमं वाचून त्याला पहिली शंका तीच येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, क्रमांक छत्तीस. यजमानांनी आणि मी मिळून घेतलेलं, त्यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर असलेलं. हे घर कोणी घेत नव्हतं. छत्तीसचा आकडा, नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून बसतील, असं दलालसुद्धा दबकत सांगायचा. यजमानांनी तिथेच रस्त्यावर उभ्या उभ्या बेरीज केली. तीन आणि सहा, नऊ. आमच्या फुटबॉल संघाच्या आघाडीवीराचा नंबर नऊ. "हेच घर," म्हणाले. भिंतीला ओल होती, स्वयंपाकघरात उजेड नव्हता, पण ते काही त्या बेरजेत आलं नाही. सांगून ठेवते, आमचं छत्तीस कधी झालं नाही. माणूस सोन्यासारखा होता. सामना नसेल तेव्हा.

हे घर कोणाला, ते कलम ५ मध्ये लिहिलं आहे.

कलम २. शिवणयंत्र आमच्या संघाच्या क्लबला द्यावं. याच यंत्रावर मी त्यांच्या जर्सींवर आकडे शिवले. एकदा घाईत नऊचा आकडा तिरका बसला, उसवायला वेळ नव्हता. आघाडीवीर, ज्याला सगळे घोडा म्हणत, तीच जर्सी घालून उतरला आणि दोन गोल मारून आला. दुसऱ्या दिवशी दारात हजर. "काकू, यापुढे नऊ तिरकाच शिवा." तो खेळायचा थांबेपर्यंत मी पट्टी लावून, खुणा करून, नीट तिरका नऊ शिवत राहिले. मुद्दाम वाकडं शिवणं किती अवघड, ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. क्लबात माझ्या हाताला गुण होता आणि घरात माझ्या पायाला अवगुण. बाई एकच.

कलम ३. मोठी किटली धाकट्या दिरांना द्यावी. याला कारण आहे. टीव्ही घरात आला त्या वर्षी अंतिम सामना चालू असताना मी चहा टाकायला आत गेले, आणि बाहेर आमच्या संघाचा गोल झाला. धाकटे दीर ओरडले, "वहिनी, आतच थांबा! बाहेर येऊ नका!" सगळे हसले, मीही हसले. पुढच्या सामन्याला मी ट्रे घेऊन दारात आले आणि समोरच्या संघाने गोल ठोकला. या वेळी कोणी हसलं नाही. "वहिनींचा पायगुण" असा शब्द पडला, आणि पडला तो पडलाच. अहो भावोजी, फुटबॉलमध्ये पायगुण खेळणाऱ्यांचा असतो, बघणारीचा नाही! हे मला तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते. किटली तुमची, आता चहाही तुम्हीच करा. माझा तुमच्यावर राग नाही. थोडा आहे.

मला खेळातलं कळत नाही असा घरातल्यांचा समज होता. मला त्यांच्याहून जास्त कळायचं. खुर्च्या करकरल्या की कॉर्नर, सगळे एकदम गप्प झाले की पेनल्टी, यजमानांनी मांडीवर थाप मारली की बॉल बाहेर. आमच्या संघाचे गोल मी कानांनी पाहिले. बाहेर जल्लोष व्हायचा आणि मी ओट्याशी एकटीच टाळ्या वाजवायचे. यजमान गेले तरी मी आतच राहिले. सवय फार वाईट.

कलम ४. बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या नातीच्या, म्हणजे मुलाच्या मुलीच्या, शिक्षणासाठी ठेवावं. त्यातून आधी तिला खेळायचे चांगले बूट घ्यावेत. डाव्या पायाने काय सुरेख मारते पोरगी!

कलम ५. आता मुद्द्याचं. नात जन्मली त्या दिवशी आमचा संघ खालच्या गटात घसरला. दवाखान्यातच कोणीतरी म्हणालं, "पायगुण बघा." मुलगा हसला, पण ते त्याच्या मनात रुतून बसलं. शेवटी बापाचाच मुलगा. पोरगी सामना बघायला येऊन बसली की याची चुळबुळ सुरू. "बेटा, पाणी आण." "बेटा, आजीला काही हवंय का बघ." आजीला काही नको असायचं.

परवाच्या उपांत्य सामन्यात संघ एका गोलने मागे पडला, आणि पोरगी कोणी न सांगता आपणहून उठली. चपला हातात घेऊन, आवाज न करता, स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "काय गं?" मी विचारलं. म्हणाली, "मी इथेच बसते आजी. आपल्याला जिंकायचंय ना!"

त्यात दैव बघा, पुढे आमच्या संघाने दोन गोल केले. बाहेर सगळे नाचत होते आणि आत ही माझ्याकडे बघून शहाण्यासारखी मान हलवत होती. माझं आयुष्य गेलं ते गेलं. हिचं मी जाऊ देणार नाही.

सबब, घर क्रमांक छत्तीस मी माझ्या मुलास देत आहे, ते पुढील अटीवर: कोणताही सामना चालू असताना माझ्या नातीस पुढच्या खोलीतून उठवू नये. पाणी, चहा, आजी, दारावरची बेल, कोणतीही सबब चालणार नाही. ती आपणहून उठली, तर हाताला धरून परत बसवावं. अट मोडल्यास घर तिचं.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही." म्हटलं, कोर्टात नको, घरात टिकू दे.

पुरवणी. वरील मजकूर मुलाला दाखवला नव्हता आणि सही व्हायची होती, एवढ्यात अंतिम सामना आला. मी नातीला घेऊन पुढच्या खोलीत, टीव्हीच्या अगदी समोर बसले. मुलाने आमच्याकडे पाहिलं आणि नखं कुरतडत राहिला. पहिला गोल आमच्या संघाने केला. आमचा गोल मी डोळ्यांनी पाहिला तो हा पहिला. जाळं इतकं हलतं हे मला माहीत नव्हतं. मला रडू फुटलं. मग समोरच्यांनी दोन केले आणि आम्ही हरलो.

नात जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, मी उठायला हवं होतं का?"

मी तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "त्यांची पोरं चांगली खेळली गं. तू कशाला उठतेस?" आणि त्याने तिला जवळ ओढून घेतलं. त्याचे डोळे भरले होते. हरल्यामुळे की आणखी कशामुळे, ते मी विचारलं नाही.

सबब, कलम ५ मधील अट मी आज माझ्या हाताने खोडली आहे. खोडल्या जागी केलेली सही माझीच समजावी. घर मुलाचं, विनाअट.

(सही) लिहून ठेवणार, आजी

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रात काही मिळत नाही आणि तरीही जे आले:
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) क्लबच्या मैदानाचे माळी

ठिकाण: घर क्रमांक छत्तीस, पुढची खोली
दिनांक: अंतिम सामन्यानंतरचा दिवस