‘कैफ मोटर गॅरेज’ शिरीनच्या नावे

अल्लाहचे नाव घेऊन सुरुवात करतो. मी, इनुस बाबुलाल तांबोळी, वय एकाहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार तळेगाव ढमढेरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, माझ्या मागे काय कोणाचे हे ठरवून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. डॉक्टरांनी मोठा आजार सांगितलेला नाही. मी फक्त दमलो आहे, आणि दमलेल्या माणसाने वेळेत आवराआवर केलेली बरी. मी सांगतो आहे आणि माझा धाकटा मुलगा सलमान लिहितो आहे.

कलम एक. घरातली माणसे. पत्नी सुगराबी माझ्या आधी गेली, सुटली. थोरला मुलगा कैफ तीन वर्षांपूर्वी गेला. कारेगावहून येताना त्याची मोटारसायकल बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. त्याची बायको शिरीन माझ्याच घरात राहते, त्यांना मूलबाळ नाही. सलमान रांजणगावला कंपनीत आहे. मुलगी निखत दौंडला दिली आहे.

कलम दोन. राहते घर आणि बँकेतली ठेव सलमान व निखत यांनी शरियतीप्रमाणे वाटून घ्यावी. निखतने भावाला हक्कसोड करून द्यावी असे कोणी तिच्या कानाशी लागू नये. तिला नाही म्हणता येत नाही, हे साऱ्या नात्यात माहीत आहे, म्हणून लिहून ठेवले. सलमान, मान खाली घालू नकोस, लिही.

कलम तीन. आमच्यात सून वारस धरली जात नाही. मी काही न लिहिता डोळे मिटले तर शिरीनच्या हाती काहीच लागणार नाही. मात्र मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत वारस नसलेल्या माणसाला देता येते. म्हणून बाजाराच्या रस्त्यावरचे ‘कैफ मोटर गॅरेज’, जागेसकट, सर्व हत्यारे, आणि कैफची जीप मी शिरीनला देतो. हे सगळे मिळून एक तृतीयांशाच्या आत बसते. सलमानने स्वतः हिशेब मांडून पाहिला आहे, दोनदा.

आता जीपबद्दल लिहिणे भाग आहे, कारण हे सगळे शिरीनलाच का, ते त्यातून कळेल. जीप जुनी, डिझेलची, एके काळी शिरूर रस्त्याला वडाप करणारी, म्हणजे माणसे भरून फेऱ्या मारणारी. कैफने ती डोंगरदऱ्यांतल्या शर्यतींसाठी घेतली. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅम पुशरॉड आणि रॉकर ढकलून त्यांना उघडते, स्प्रिंग त्यांना मिटते. चिखलातून गाडी ओढताना इंजिन फार जोरात फिरवावे लागते, तेव्हा जुनी स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि खालून पिस्टन येऊन त्याला धडकतो. म्हणून कैफने कडक स्प्रिंगा आणल्या. त्या जुन्या कॅमला सोसल्या नाहीत. एका मोसमात कॅम झिजून गेली. त्याने पुन्हा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवले, आणि ते तसेच उघडे राहिले. मी त्यावर पोते टाकले आणि तिकडे बघणे सोडून दिले.

इद्दत, म्हणजे विधवेने घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर एके दिवशी शिरीन गॅरेजमध्ये आली. लग्नाआधी ती कंपनीत पार्टची मापे घ्यायच्या कामावर होती. तिने पोते काढले, स्प्रिंगा एकेक करून मापल्या आणि मला म्हणाली, “अब्बा, ह्यातल्या दोन स्प्रिंगा बाकीच्यांपरीस आखूड हायत. आन् कॅम, पुशरॉड, रॉकर समदं बदलल्याबिगर ही स्प्रिंग चालायची न्हाई.”

मी विचारले, “तुला हे कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. जेवताना दुसरं काय बोलायचे का ते?”

त्या दिवशी मी गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, म्हणजे कैफ गेल्यापासून. सलमान, हे खोडू नकोस, राहू दे. पुढे आम्ही दोघांनी ते इंजिन बांधले. कॅम बदलली, स्प्रिंगा सारख्या उंचीच्या घेतल्या, पुशरॉड जाड घेतले. व्हॉल्व्ह तिने हाताने घासले, मी नुसता स्टुलावर बसून चुका काढत होतो. फार सापडल्या नाहीत. इंजिन सुरू झाले तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मुलगा परत आला नाही, पण त्याचे काम पूर्ण झाले, एवढे समाधान मला मिळाले.

हल्ली पुण्याची पोरे जीपा घेऊन येतात, मला सलाम करतात आणि प्रश्न तिला विचारतात. सुरुवातीला राग यायचा. आता बरे वाटते, बसता येते.

कलम चार. शिरूरचा स्पेअर पार्टवाला रोहिदास याने कैफला सांगितले होते की, “स्प्रिंगा तेवढ्या बदल, बाकी जुनंच पळंल.” त्याचा माल खपला, पोराची कॅम गेली. मी भांडायचे ठरवले होते, पण तेवढा दम आता उरलेला नाही. ती खराब कॅम माझ्या फळीवर आहे. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला की ती रोहिदासच्या काउंटरवर नेऊन ठेवावी. कोणी काही बोलू नये. त्याने चहा पाजला तर प्यावा.

कलम पाच. यावर मोठा खल झाला, म्हणून सविस्तर. सलमानचे म्हणणे असे की शिरीन या घरात आहे तोवर गॅरेज तिचे, दुसरे लग्न केले तर परत आमचे, अशी अट घालावी. मी नको म्हणालो, तेव्हा त्याने पेन खाली ठेवला.

“अब्बा, हे मी न्हाई लिहिणार. उद्या भाभीनं लगीन केलं म्हंजी? कैफभाईच्या जागेवर परका माणूस मालक होऊन बसंल. गाव काय म्हणंल?”

“गाव कवा गप बसलंय?” मी म्हणालो. “तिला बोलीव.”

शिरीन आली, दारातच उभी राहिली. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “लगीन करीन का न्हाई, मला म्हाईत न्हाई, अब्बा. पण अट असंल तर गॅरेज नको मला. मी हितं मनानं ऱ्हायले का गॅरेजसाठी, हे माझं मलाच कळायचं न्हाई मग. दौंडला जाऊन दुसऱ्याच्या गॅरेजात काम करीन.”

एवढे बोलून ती पाणी आणायला गेली. सलमानने पेन उचलला.

माझे मन मी लपवत नाही. तिच्या दुसऱ्या लग्नाचा विचार मला सहन होत नाही. कैफला पुन्हा एकदा कबरस्तानात नेल्यासारखे होईल. पण ते माझे दुखणे आहे, आणि मी तर चाललोच आहे. तिचे वय अजून तीसही नाही. म्हणून गॅरेज, हत्यारे आणि जीप मी शिरीनला कोणतीही अट न घालता देतो. तिने लग्न करावे अथवा न करावे. गॅरेज चालवावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. जीप कैफची आठवण म्हणून झाकून ठेवू नये, पळवावी, नाहीतर गिऱ्हाईक बघून द्यावी. पाटीवरचे कैफचे नाव काढून स्वतःचे घालावेसे वाटले तर घालावे. त्या वेळी घरातल्या कोणीही शिडी धरायला नकार देऊ नये.

कलम सहा. कफनदफन साधे करावे, मोठी जेवणे घालू नयेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सलमानने करावी.

शिरूरच्या कोर्टापुढे वकील रग्गड बसलेले असतात. त्यांच्याकडून टाईप करून घेता आले असते. सलमानकडून लिहवून घेतले ते मुद्दाम. वकिलाचा कागद माणूस फाडू शकतो, पण आपलेच अक्षर समोर आले की त्याला जरा थांबावे लागते. तो वाईट नाही. भावाच्या मागे तोही सुकला आहे, फक्त बोलत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमक्ष सही केली.

इनुस बाबुलाल तांबोळी

साक्षीदार:
१. सम्राट म्हाळू गायकवाड, लेथ काम, कारेगाव
२. हौसराव ढमढेरे, शेती, तळेगाव ढमढेरे

ठिकाण: तळेगाव ढमढेरे
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

लिहिणार: सलमान इनुस तांबोळी. कलम पाच मला पटलेले नाही. मी ते माझ्या हाताने लिहिले आहे. पाळीन.