मुंबई ते लंडन, साडेनऊ तास

रविवार, संध्याकाळ. बजाजनगर.

सुनीताचा लंडनहून फोन आला. पोरीनं आज पहिल्यांदाच मुंबईहून इतकं लांब विमान नेलं. सात हजार दोनशे किलोमीटर! मी सव्वीस वर्षं एसटी चालवली, पण कन्नड डेपोतून पुण्याच्या पुढं कधी गेलो नाय. अन् ही सात हजार...

विचारलं, "बाई, साडेनऊ तासांत डोळा नाय लागला?"

"लागला की, आप्पा. आम्ही पायलट आळीपाळीनं झोपतो. पण उतरवलं मीच."

"नीट उतरलं?"

"मागं झोपलेलं माणूससुद्धा जागं झालं नाय. तुमच्या गाडीसारखं."

 फोन बायकोच्या हातात दिला अन् गॅलरीत जाऊन उभा राहिलो. फोन झाल्यावर बायकोनं येऊन विचारलं, "काय झालं हो?"

"काय नाय," म्हणालो. खरं तर लई झालं होतं.