बाबांच्या आंघोळीची काच

३ नोव्हें.
बाबांना पाचूबंदरहून माझ्याकडे आणून आठ दिवस झाले. डॉ.नी आज पुन्हा बजावलं, खुबा जुळलाय, पण आता पडले तर उठणार नाहीत. आंघोळीच्या वेळी नजर ठेवा.
नजर कशी ठेवू? शॉवरची काच बोअरिंगच्या पाण्याने इतकी पांढरी झालीय की आत माणूस आहे की टॉवेल, कळत नाही. नवऱ्याने, मायकलने, हौसेने बसवली आणि गेला जहाजावर नोकरीला. पुसायला मी आहेच. आत दांडा आहे, स्टूल आहे, पण बाबा मला आत पाऊल टाकू देत नाहीत. काचेबाहेर उभी राहून नुसता पाण्याचा आवाज ऐकते आणि घाबरते.

४ नोव्हें.
शाळेतून आल्या आल्या भांड्यांचा साबण नि हिरवी घासणी. ओली असताना काच छान दिसते, आपण खूश. वाळली की पुन्हा ताक.
बाबा खुर्चीतून: "त्या काचनं तुजं काय घोरं मारलंय?"

६ नोव्हें.
लिंबू-मीठ. बोटं झोंबताहेत, काच तशीच.
आग्नेलचा फोन. म्हणे बाबांना इकडे पाठव, बावीवर न्हातील मोकळेपणी. भाऊ असला म्हणून काय झालं, ओरडलेच त्याच्यावर. त्या विहिरीवरच तर पडले! नंतर वाईट वाटलं. तो पाच-पाच दिवस बोटीवर, वहिनी पहाटेपासून मासळीची पाटी घेऊन बाहेर. तिथे बघणार कोण...

८ नोव्हें., शनि.
शाळेत सगळ्या म्हणाल्या व्हिनेगर लाव. घरात होता तो ताडीचा शिरका, लोणच्यासाठी बाबांनीच सोबत आणलेला. टिश्यूपेपर त्यात भिजवून काचेवर चिकटवले, अर्धा तास ठेवले. वरची अर्धी काच स्वच्छ निघाली! पण ओघळ खाली उंबऱ्यावर. काळा कडाप्पा पांढरट झाला, चमक गेली ती गेलीच. दगडाला आंबट चालत नाही हे मला कळायला नको? एक निस्तरायला जावं तर दुसरं.
वासावर बाबा वॉकर टेकत आले. "लोनच्याचा शिरका न्हानीत? तुजी आय असती तं तुलाच बरनीत घातली असती!" हसले. किती दिवसांनी.

१२ नोव्हें.
खालची अर्धी धुरकट ती धुरकटच. तुळिंजच्या हार्डवेअरवाल्याला फोटो दाखवला. "मॅडम, हा डाग नाय. पाण्याने काच खाल्लीय. अॅसिड बिलकुल नका मारू." काच घासायची पावडर दिली. पाण्यात कालवायची, नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या, ओल्या तुकड्याने गोल गोल घासायची. एका वितीला पाऊण तास लागला. मला पेपर तपासायचे आहेत.

१६ नोव्हें., रवि.
चर्चमधून, मिस्साहून आले ती घासायला बसले, जेवायलाच उठले. खांदा कामातून गेला. पण झाली. पलीकडच्या टाइल्सच्या रेघा मोजता येतात. मायकलला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

१७ नोव्हें.
स. बाबा टॉवेल घेऊन गेले, दारात थांबले, काच पाहिली, परत आले. "आज थंडी हाय."
कसली थंडी. पंखा चालू होता.

१९ नोव्हें.
तिसरा दिवस. खोलीचं दार लावून ओल्या पंचाने अंग पुसतात. आज माझा तोल गेला. एवढी घासली ती कुणासाठी, म्हटलं.
"उबा जलम चड्डीवर दर्यात कारला. पन पोरीच्या समोर नाय, बाय." मग खाली बघत: "ती पांडरी व्हती म्हनून तं आंगोल करत व्हतो."
न्हाणीघरात जाऊन रडले. दोन आठवडे हाडं मोडून मी त्यांचा पडदा काढून टाकला आणि एकदाही त्यांना विचारलं नाही. शहाणी मी.

२१ नोव्हें.
काचेवर बाहेरून जुनी चादर टाकली. न्हायले! पण मग मला आतलं कळणार कसं? तोडगा बाबांचाच. बोटीवर अंधार असला की एक जण हाक देतो, दुसरा ओ देतो. ओ आली नाही तर काहीतरी झालंय. "रोज नुसत्या हाका कशाला, रोझरीच म्हनू."
म्हणजे ते आत नमो मरिया या प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणणार आणि उरलेला मी, काचेबाहेर दुसऱ्या स्टुलावर. लहानपणी घरात संध्याकाळी म्हणायचो तसंच. दहा नमो मरियांत आंघोळ उरकते. टाइल्समध्ये त्यांचा आवाज खणखणीत घुमतो. फार दिवसांनी जिवाला बरं वाटलं.

२४ नोव्हें.
छान चाललंय. आज केसांनाही साबण लावला म्हणे. आग्नेलला सांगितलं, काळजी करू नको.

२६ नोव्हें.
तिसऱ्या नमो मरियानंतर आवाज थांबला. माझा अर्धा म्हणून वाट पाहिली. पाणी चालू. हाक मारली. ओ नाही. दुसऱ्यांदा मारली. मग चादर ओढूनच काढली.
पडले नव्हते. एका हाताने दांडा धरून सरळ उभे होते, दुसऱ्या हातात साबण. सगळं स्वच्छ दिसत होतं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मला बघून लाजलेसुद्धा नाहीत.
"पुडं काय गो?"
ऐंशी वर्षं रोज म्हटलेली प्रार्थना.
काही नाही बाबा, म्हटलं, आणि चादर पुन्हा टाकली. स्टुलावर बसून त्यांचा अर्धा मी म्हटला. थांबले. आतून नुसतं पाणी. मग माझाही म्हटला. दहा पूर्ण होईपर्यंत दोन्ही अर्धे मीच म्हणत राहिले.