रईस शाझलींचा हात

बोट 'नसमा', लुक्सर
११ नोव्हेंबर १९९५

ती. वहीबाआत्यास,
कौसरचा शि. सा. सलाम. वि. वि.

तुझी तांब्याची झारी आणि तस्त सुखरूप पोचलं. देताना तू कुरकुरलीस, की पाहुण्यांचे हात धुवायची भांडी बोटीवर कशाला, तिथे काय नळ नाहीत? नळ आहेत गं, पण नळाकडे जाणारं माणूस नाही. हे गोरे पाहुणे दिवसभर देवळांच्या खांबांवर हात फिरवतात, उंटाची मान खाजवतात, बाजारात घासाघीस करतात आणि येऊन थेट सॅलडच्या डावाला हात घालतात. एकाने धरलेला डाव मग सगळी बोट धरते. बोटीची स्वच्छता माझ्याकडे, म्हणून मी पाटी लावली, ती कोणी वाचली नाही. शेवटी खोल्या आवरणाऱ्यांचा मुकादम बिशारा आहे ना, त्याला पांढरी पायघोळ गलाबिया चढवली, तुझी झारी हातात दिली आणि जेवणघराच्या दारात उभं केलं. आता सगळे रांग लावून हात पुढे करतात, साबण लावून घेतात आणि वर फोटो काढतात. त्यांना वाटतं हा आपला फेरोंच्या काळापासूनचा विधी आहे. मी म्हटलं, वाटू दे.

बिशारा मात्र माझ्यावर रुसला आहे. तो पाहुण्यांच्या खोलीत टॉवेलची मगर करून ठेवतो, तिला त्यांचाच चष्मा लावतो. वापरलेल्या टॉवेलची मगर करायची नाही, धुतलेल्याची कर, असं मी सांगितल्यापासून तो मला वाकून सलाम करतो, म्हणजे किती चिडलाय ते बघ.

आता तुला जे ऐकायचंय ते. सफवतने वडिलांजवळ आमच्या लग्नाचा विषय काढला. रईस शाझली, म्हणजे आमच्या बोटीचे कप्तान, बरेच दिवस नदीकडे बघत राहिले. मग एकदा चहा पिताना त्यांनी मुलीचा चुलता कोण म्हणून विचारलं. महरूसकाकांचं नाव ऐकून म्हणाले, माणूस ओळखीचा नाही पण ऐकलं वाईट नाही. २३ तारखेच्या गुरुवारी बोट कोम ओम्बोला थांबेल, तिथून ते दरावला आपल्याकडे येतील आणि काकांच्या हातात हात देऊन फातिहा वाचतील. एकदा फातिहा वाचला की बोलणी पक्की. आत्या, मला इतका आनंद झालाय की सकाळी मी साखर चहाऐवजी टेबलावर घातली.

एकच धास्ती आहे. रईस बोटीवरच्या प्रत्येक पाहुण्याचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ सोडत नाहीत. पाहुण्यांना ते फार आवडतं. मला मात्र एका हातावरून दुसऱ्या हातावर काय काय जातं तेच दिसत राहतं. पण गुरुवारपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलंय.

काकांना सलाम. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
कौसर


दराव
१४ नोव्हेंबर १९९५

चि. कौसर हिस,
अनेक आशीर्वाद, आणि गालाला एक चिमटा.

पत्र वाचून मी ओट्यावरच बसले. तुला असियूतला जंतूंचं शास्त्र शिकायला पाठवलं तेव्हा शेजारच्या उम्म फत्हीने सगळ्या गल्लीत विचारलं होतं, की जंतू शिकून पोरीला नवरा कसा मिळायचा. काल तिला मुद्दाम हाक मारून सांगितलं, की जंतूंनीच मिळवून दिला. तिचं तोंड बघायला तू हवी होतीस.

महरूसने नवा फेटा आणला आहे आणि तो आरशासमोर बांधून सोडतो, पुन्हा बांधतो. मी बदकं खुराकावर ठेवली आहेत. पीठ दळून आणलं. गुरुवारी सकाळी भाकऱ्या उन्हात फुगायला ठेवीन, म्हणजे ते येईपर्यंत गरम निघतील.

आता नीट ऐक. तुझ्या रईसांच्या घराची मी माहिती काढली. माणसं चांगली, नमाजी, हात सैल. पण मानापमानाचं फार. त्यांच्या पुतण्याचं एक स्थळ जमता जमता मोडलं, कारण मुलीच्या मामाने बसल्या बसल्या हात पुढे केला, उठला नाही. तेवढ्यावरून मंडळी कॉफी न पिता परतली. तेव्हा गुरुवार होईपर्यंत तुझी जीभ आवर. फातिहा वाचून झाला की मग सासऱ्याला खुशाल क्लोरीनमध्ये बुडव. गुरुवारी ते आले नाहीत तर अख्खं दराव ते मोडलं असंच धरेल, आणि त्यानंतर मी कोणाकोणाला काय सांगत बसू?

तुझी आई गेल्यापासून मी तुझ्यासाठी एवढा एकच दिवस मागत आले आहे. तो नीट पार पडू दे.

जेवत जा. पत्र धाड, नाहीतर मी स्वतः बोटीवर येईन.
तुझी आत्या,
वहीबा


बोट 'नसमा', एडफू
१९ नोव्हेंबर १९९५

ती. आत्यास,
कौसरचा सा. सलाम. वि. वि.

हे पत्र गाडीच्या गार्डाच्या हाती देते आहे. आधी पाणी पी आणि मग वाच.

एस्नाला धक्क्यावर जागा नव्हती. आपल्याकडे बोटी एकीला एक लागून उभ्या राहतात, आणि पलीकडच्या बोटीची माणसं आपल्या बोटीच्या दिवाणखान्यातून चालत काठावर उतरतात. तशी एक बोट आम्हाला लागली. तिच्यावर उलट्या-जुलाबांची साथ होती आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या माणसांनी आमच्या जिन्याचे कठडे धरले, दारांच्या मुठी धरल्या, आमच्या पाहुण्यांशी गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी न्याहारीला आमच्या एका बेल्जियन आजींना टेबलावरच उलटी झाली. संध्याकाळपर्यंत अर्धा डझन खोल्या आजारी.

मी मांडलेलं जेवण बंद केलं. आता आचारीच वाढतात, डावाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आजारी माणसांना खोलीतच ठेवलं, साखरमिठाचं पाणी दारात पोचतं. कठडे आणि मुठी क्लोरीनने सारख्या पुसतो आहोत. एडफूचे डॉक्टर येऊन बघून गेले, असंच चालू ठेवा म्हणाले. बिशाराने मगरी विसरून एवढं काम केलं की मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले.

आणि काल संध्याकाळी गलाबियाचा नाच होता. जे बरे होते ते पाहुणे बाजारातून घेतलेल्या गलाबिया घालून नटूनथटून जमले, आणि रईस वरून उतरले, दोन्ही हात पुढे करून. आत्या, मी जिन्याच्या पायरीवर आडवी उभी राहिले. म्हटलं, रईस, आज कोणाच्या हातात हात द्यायचा नाही. सगळे बघत होते. वाद्यंसुद्धा थांबली. ते हळू आवाजात म्हणाले, नमाजाआधी पाच वेळा वजू करून धुतलेला हात आहे हा, तू त्याला घाण म्हणतेस? मी म्हटलं, तुमचा हात स्वच्छ आहे, म्हणूनच तो मला कोणाच्या हातात द्यायचा नाही. तुम्ही आजारी पडलात तर नदीतले वाळूचे उंचवटे न बघता ओळखणारं दुसरं कोण आहे इथे?

त्यांनी हात बाहीत घेतले आणि वर निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. सफवत सुकाणूवर असतो, माझ्याकडे नुसता बघतो. मी जे केलं ते पुन्हा करीन, पण गुरुवारचं आठवलं की काकांचा फेटा आणि तुझी बदकं डोळ्यांपुढे येतात. तू रागावशील. रागाव, पण मला टाकू नकोस.

तुझी,
कौसर


दराव
२१ नोव्हेंबर १९९५

कौसर,
आशीर्वाद नेहमीचेच. आज ते दात-ओठ खाऊन देते आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच बातमी आली. एडफूहून मासे घेऊन येणाऱ्याने बाजारात सांगितलं, की दरावच्या एका पोरीने रईस शाझलींना भर नाचात जिन्यावर अडवलं. मी मासे तिथेच टाकून घरी आले. गधडे, आपल्याकडे दुष्मनाने हात पुढे केला तरी तो घेतात. हात न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मी तुला गुरुवारपर्यंत गप्प राहा म्हटलं होतं, काही वर्षं नाही.

महरूस कालपासून फेटा बांधत नाही. उम्म फत्ही येऊन बदकांची चौकशी करून गेली. बदकं आता कोण खाणार, असं तिला विचारायचं होतं, ते तिने विचारलं नाही पण मला ऐकू आलं. रईसांकडून येतो की नाही, काहीही निरोप नाही.

तू त्यांच्याकडे जा, माफी माग. चूक नसली तरी माग. मोठ्यांची माफी मागताना चूक असावीच लागते असं नाही. एवढं माझ्यासाठी कर.

खरं सांगू? संतापाने बोलता बोलता तुझं ते वाक्य महरूसला वाचून दाखवलं, हात स्वच्छ आहे म्हणून द्यायचा नाही हे, आणि मला मधेच हसू आलं. तुझी आई अशीच बोलायची. पण त्याने गुरुवार काही सावरला जात नाही.

टाकणार कशाला तुला? तुझ्यावाचून मी भांडू कोणाशी?
तुझी,
वहीबाआत्या


बोट 'नसमा', कोम ओम्बो
२२ नोव्हेंबर १९९५

आदरणीय भगिनी वहीबाबाईंस,
रईस शाझलीचा अदबीने सलाम. वि. वि.

आपला परिचय नसताना पत्र लिहितो, क्षमा असावी. अक्षर माझं नाही. मी माझ्या खोलीत दाराच्या आत बसून सांगतो आहे आणि माझा मुलगा सफवत दाराबाहेर बसून लिहितो आहे, कारण आपली भाची माझ्या हातचा कागदसुद्धा बाहेर जाऊ देत नाही.

झालं ते सांगतो. जिन्यावरचा प्रसंग आपल्या कानी आला असेल. मी रागाने वर गेलो. एडफूला ती पलीकडची बोट पुन्हा आमच्या शेजारी लागली. तिचा रईस माझा जुना दोस्त. कौसरबाईंची नजर चुकवून मी कठडा ओलांडून त्याच्याकडे गेलो, गळाभेट घेतली, दोन्ही गालांचे मुके घेतले, त्याच्याच पेल्यातला चहा प्यालो. मुद्दाम प्यालो, हेही लिही म्हणून मुलाला सांगतो आहे. पुढचं आपण ओळखलंच असेल. इतकी वर्षं नदीवर काढली, पण माझ्याच बोटीवर कोणी मला कोंडलं नव्हतं. आपल्या भाचीने कोंडलं. दिवसभर ती दाराशी पाणी ठेवते, प्यालो की नाही विचारते आणि नाही म्हटलं तर लहान मुलासारखी दटावते.

बोट सफवतने आणली. वाळूच्या उंचवट्यांतून आणली, कुठे टेकवली नाही. मी पडल्या पडल्या प्रत्येक वळण पाठीने ओळखत होतो. हे त्याच्या तोंडावर मी कधी म्हणालो नसतो, तेव्हा लिहून घेऊ दे त्याला.

काल मला बरं वाटलं. मी म्हटलं, दार उघड, परवा मला दरावला जायचं आहे. ती म्हणाली, बरं वाटल्यावरही दोन दिवस तुम्ही कोणाच्या घरी जायचं नाही, कोणाच्या हाताला हात लावायचा नाही. मी म्हटलं, पोरी, फातिहा तुझाच आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे. मग मी उठून दाराशी गेलो. दाराला कान लावला तेव्हा कळलं की ती रडते आहे. पण दार तिने उघडलं नाही.

बाई, मी घरी पुष्कळ माणसं बघितली, जी माझ्या मानासाठी काहीही करतील. माझ्या जिवासाठी स्वतःचा शुभ दिवस बाजूला ठेवणारी ही पहिलीच. अशी मुलगी घरात यायची असेल तर मी मानाचं गाठोडं नदीत सोडायला तयार आहे.

तेव्हा विनंती अशी. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर बोट आपल्या दरावच्या काठाजवळून जाईल. वरच्या गच्चीवर एकटं, वाऱ्यात उभं राहायची परवानगी मी मागितली, ती मिळाली आहे. महरूसभाईंनी काठावर यावं. हातात हात नसला तरी अल्लाला उघडे तळवे पुरतात, असं माझं मत आहे. आपलं मत वेगळं असेल तर मी रविवारी पुन्हा येईन, आणि त्यानंतरच्या रविवारीही येईन.

कृपा असावी.
आपला,
रईस शाझली
(आणि लिहिणारा सफवत, ज्याला स्वतःचं काही लिहायची परवानगी नाही)


दराव
२४ नोव्हेंबर १९९५

चि. कौसर हिस,
शतशः आशीर्वाद. आज चिमटा नाही.

तू मधेच आत गेलीस, तुला सगळं दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

रईसांचं पत्र महरूसने तीनदा वाचलं आणि फेटा एकाच खेपेत बांधला. काल दुपारी सगळी गल्ली काठावर आली. मी सांगितलं नव्हतं कोणाला. उम्म फत्हीला सांगितलं होतं, ते पुरलं. उंटबाजारातून परतणारी माणसंही काय चाललंय म्हणून थांबली. सफवतने बोट इतकी जवळ आणली की ती आता वाळूत रुतते असं सगळ्यांना वाटलं, आणि त्याने इंजिन बंद करून ती पाण्यावर नुसती वाहू दिली.

वर गच्चीवर रईस एकटे होते. पांढरी गलाबिया, पांढरा फेटा, अजून अशक्त दिसत होते पण कठड्याला टेकले नव्हते. त्यांनी काठाकडे बघून डोकं लववलं. तो माणूस महरूसपुढे आधी लवला, कौसर. मग दोन्ही तळवे वर केले. महरूसने इकडे केले. तिकडून त्यांचा आवाज यायला लागला आणि इकडून महरूसचा, मधे सगळी नदी, आणि एक अक्षर चुकलं नाही. आमीन म्हणताना काठावरचे सगळे पुरुष म्हणाले, खालच्या मजल्यावरचे तुझे आचारी म्हणाले. बिशारा तर ख्रिस्ती, त्यानेही मान खाली घातलेली मी पाहिली. मग आम्ही बायकांनी जीभ हलवत, आनंदाने किंचाळत असा जगरूत केला की तुझे गोरे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना काय कळलं देव जाणे.

बदकांचं सांगायचं राहिलं. रविवारी मंडळी जेवायला येणार आहेत, तेव्हा ती अजून जिवंत आहेत आणि माजली आहेत.

मी मात्र तुला शोधत होते. तू खालच्या दाराशी उभी होतीस, हातात ते लांब रबरी मोजे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मोजे क्लोरीनचे म्हणून तुला ते पुसता येत नव्हतं. तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली आणि तू आत गेलीस. स्वतःचा फातिहा चालू असताना दुसऱ्याचं आजारपण बघायला गेलीस. पोरी, मी तुझ्यावर रागावले होते ते सगळं परत घेते. तुझी आई काल असती तर काठावरून पाण्यात उतरली असती.

मला रडू आवरेना. उम्म फत्ही माझे डोळे पुसायला पदर घेऊन पुढे आली, आणि अख्ख्या गल्लीदेखत मी तिला म्हटलं, आधी हात धुवून ये.

रविवारची वाट बघते. माया तुझ्यावर होतीच, आता त्यात सफवतचाही वाटा.
तुझी,
वहीबाआत्या